समुद्रकाठचे आमचे बंधू आणि महोत्सवाचा खरा अर्थ
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत झालेले भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण झाली. देवळावर रोषणाई झाली, घराघरांतून गोडधोड झाले, दूरदेशी गेलेली मुलेबाळे परत आली. अशा आनंदाच्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा चालकांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आणि ऋण हा शब्द सहज ओठांवर आलाच आहे, तर आजच्या भाषणाचा विषयही तोच आहे असे समजावे.

ज्युबिली हा शब्द आपण आता मराठीच करून टाकला आहे. परंतु त्याचे मूळ हिब्रू लोकांच्या मेंढ्याच्या शिंगात आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात या वर्षाचा विधी सांगितला आहे. पन्नासावे वर्ष आले म्हणजे ते शिंग फुंकावयाचे. दारिद्र्यामुळे ज्याने आपली जमीन विकली त्यास ती परत मिळावयाची. जो स्वतःच विकला गेला असेल त्याने मोकळा होऊन आपल्या घरी जावयाचे. म्हणजे जुन्या करारातील महोत्सव हा मुख्यतः रोषणाईचा नव्हे, तर सुटकेचा होता. कोण किती वर्षे बांधला गेला आहे, याचा हिशेब त्या वर्षी समाजाने करावा आणि गाठ सोडावी, अशी ती योजना होती.

मग आपल्या किनाऱ्यावर आज बांधलेला कोण आहे? आमच्या मते त्याचे उत्तर शोधावयास फार लांब जाणे नको. ज्याच्या धंद्यातून प्रभूने आपले पहिले शिष्य निवडले, तोच मच्छीमार बहुतेक देशांत व बहुतेक काळी सर्वांत अधिक बांधलेला आढळतो. म्हणून त्याच्या बंधनाचा प्रकार काय, ते कोठे व कसे सोडविले गेले, आणि आपणांस त्यातून काय घेता येईल, या तीन गोष्टींविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

प्रथम बंधनाचा प्रकार पाहू. शेतकऱ्याचे भात कणगीत राहते; भाव उतरला तर तो महिनाभर थांबू शकतो. मच्छीमारास थांबता येत नाही. सकाळी किनाऱ्यास लागलेली मासळी दुपारी अर्ध्या किमतीची आणि संध्याकाळी खताच्या किमतीची होते. शिवाय त्याचे उत्पन्न लहरी असते. एके दिवशी होडी भरून येते आणि पुढचे आठ दिवस जाळे रिकामे निघते. पावसाळ्यात धंदा बंद, आणि जाळी, दोर, डिझेल, बर्फ यांचा खर्च मात्र हंगामाच्या आरंभीच उभा. मग तो उचल घेतो. व्यापारी ती आनंदाने देतो आणि व्याजही मागत नाही. एकच अट असते : मासळी मला द्यावयाची, आणि भाव मी करावयाचा.

येथेच सारी मेख आहे. समजा, बाजारात दहा रुपयांस जाणारा माल त्याला आठ रुपयांस द्यावा लागला, तर ते दोन रुपये व्याजच होय; परंतु ते कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. वर्षानुवर्षे तो ते भरतो आणि मुद्दल जेथल्या तेथेच राहते. ती फिटावी अशी सावकाराची इच्छाही नसते, कारण फिटली तर मासळी दुसरीकडे जाईल. मच्छीमार आळशी आहे, उधळ्या आहे, त्याला उद्याची काळजी नाही, असे बोलणारे पुष्कळ भेटतात. व्यसने त्याच्यात नाहीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याची शिल्लक दुसऱ्याच्याच घरी जमते, त्याने काटकसर शिकावी कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या बोलणाऱ्यांनी आधी द्यावे.

आता हे बंधन सोडविण्याचे दोन प्रयत्न सांगतो. पहिला प्रयत्न कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातला. तेथे कॅन्सो नावाचे मासेमारीचे गाव आहे. फादर जिमी टॉम्पकिन्स हे तेथील विद्यापीठातले विद्वान धर्मगुरू १९२२ च्या अखेरीस या गावी नेमले गेले. माणसे अर्धपोटी, होड्या जुन्या, आणि सर्व व्यवहार व्यापाऱ्यांच्या हाती, अशी तेथील अवस्था होती. १ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या राज्यसंघास साठ वर्षे झाली म्हणून देशभर हीरकमहोत्सव चालला होता. त्या दिवशी कॅन्सोचे मच्छीमार एकत्र जमले आणि त्यांनी विचारले की, आम्ही कशाचा उत्सव करावा? हा प्रश्न वर्तमानपत्रांतून गाजला. त्याच वर्षी सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि मच्छीमारांचे संघटन करावे अशी शिफारस त्या आयोगाने केली. ते काम फादर मोझेस कोडी यांजकडे आले. सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने १९२८ साली लोकशिक्षणाचे जे खाते उघडले त्याचे ते पहिले संचालक होते. १९३० साली मच्छीमारांचा संघ हॅलिफॅक्स येथे स्थापन झाला.

फादर कोडी यांची रीत फार साधी होती. गावात जावयाचे, सभा घ्यावयाची, आणि मग आठदहा माणसांची अभ्यासमंडळे करावयाची. मंडळाने आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसावे आणि एकच प्रश्न घ्यावा : आपल्या शेवंडीला येथे काय मिळते, शहरात ती कितीला विकली जाते, मधले पैसे कोठे जातात? ज्याला वाचता येई त्याने इतरांस वाचून दाखवावे. हिशेब समजला म्हणजे माणसे आपोआप पुढचे पाऊल टाकीत. लिटल डोव्हर नावाच्या अगदी दरिद्री वस्तीतील लोकांनी स्वतः लाकडे तोडून शेवंडी डबाबंद करण्याचा कारखाना उभारला. इतर गावांनी आपला माल एकत्र करून थेट बॉस्टनच्या बाजारात धाडण्यास आरंभ केला. १९३२ पासून गावोगाव पतपेढ्या निघाल्या. दान मागण्यापासून नव्हे, तर हिशेब समजण्यापासून ही चळवळ सुरू झाली, हे आपण ध्यानात ठेवावे. १९५९ साली, म्हणजे फादर कोडी वारले त्याच वर्षी, त्यांच्या नावाची संस्था अँटिगोनिश येथे निघाली. आशिया व आफ्रिका खंडांतील कार्यकर्ते तेथे शिकून आपापल्या देशी परतत आले आहेत.

दुसरा प्रयत्न आपल्याच देशातला आणि आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा आहे. म्हणून त्याविषयी अधिक विस्ताराने सांगतो. केरळच्या दक्षिण भागातील मच्छीमार बहुसंख्येने लॅटिन कॅथलिक आहेत. संत फ्रान्सिस झेवियर सोळाव्या शतकात त्या किनाऱ्यावर हिंडले, तेव्हापासूनची ती ख्रिस्ती वस्ती. देवळे भव्य आणि झोपड्या मोडक्या, असे त्या किनाऱ्याचे चित्र कित्येक पिढ्या होते. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस इतरांची नारळीची बागायत. मधल्या वाळूच्या पट्टीत माणसे दाटीवाटीने राहत.

१९६० नंतरच्या दशकात त्रिवेंद्रमचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या प्रेरणेने धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेने शहराच्या उत्तरेस किनाऱ्यावर एक नवी वसाहत वसविली. तिचे नाव मरियानाड, म्हणजे मरियेची भूमी. काही तरुण कार्यकर्ते, त्यांत स्त्रियाही होत्या, तेथेच येऊन राहिले. आरंभी आरोग्य, बालवाडी, स्त्रियांची मंडळे अशी कामे झाली. परंतु लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, घरात येणारा पैसा किनाऱ्यावरच अडतो आहे. तो मोकळा झाल्याखेरीज बाकीची सर्व कामे वाळूवर घर बांधण्यासारखी आहेत.

मच्छीमारांच्या सहकारी संस्था तेव्हा केरळात नव्हत्या असे नाही. सरकारदरबारी त्यांची नोंद पुष्कळ होती. परंतु कित्येक केवळ कागदावर होत्या, आणि कित्येकांची सूत्रे ज्यांच्यापासून सुटका हवी त्याच व्यापाऱ्यांच्या हाती होती. मरियानाडच्या लोकांनी म्हणून १९७० च्या सुमारास आपली स्वतःची संस्था उभी केली. तिचे मर्म तीन गोष्टींत होते. जो समुद्रावर जातो तोच सभासद. व्यापाऱ्यास प्रवेश नाही. किनाऱ्यावरील लिलाव संस्थेचाच माणूस पुकारील आणि पैसे वसूल करण्याची जबाबदारी संस्थेची राहील. आणि प्रत्येक दिवसाच्या विक्रीतून ठरलेला अंश संस्थेच्या खर्चास, ठरलेला अंश सभासदाच्या नावे शिलकीस, आणि कर्ज असेल तर ठरलेला अंश फेडीस जाईल.

या तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व लक्षात घ्या. बँकेचा हप्ता दर महिन्यास सारखा असतो. समुद्र मात्र दर महिन्यास सारखे देत नाही. येथे फेड मासळीबरोबर चढते आणि मासळीबरोबर उतरते. जाळे रिकामे आले त्या दिवशी फेडही नाही. भरून आले त्या दिवशी भरपूर. सावकाराच्या उचलीत जी एक सोय होती ती या योजनेने घेतली, आणि तिच्यातील विष तेवढे काढून टाकले. व्यापाऱ्यांनी विरोध केला, परंतु लोक हटले नाहीत. शेजारच्या गावांनी हे पाहिले आणि तशाच संस्था काढल्या. १९८० साली या ग्रामसंस्थांचा व त्यांच्या जिल्हासंघांचा मिळून दक्षिण भारतीय मच्छीमार संस्थांचा महासंघ उभा राहिला. सिफ्स या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. होडीस लागणारे मोठे लाकूड दुर्मीळ व महाग झाले तेव्हा या महासंघाने सागरी प्लायवूडच्या होड्या बांधणारे कारखाने काढले. इंजिने आली तेव्हा त्यांच्या दुरुस्तीची सोय केली. १९७३ पासून काही वर्षे मरियानाडच्या संस्थेत काम केलेले जॉन कुरियन पुढे या विषयाचे नामांकित अभ्यासक झाले. नलिनी नायक यांनी आपले आयुष्य त्याच किनाऱ्यावरील स्त्रियांच्या कामास वाहिले.

परंतु केवळ लिलाव हाती आला म्हणजे सर्व झाले असे नाही. कारण लिलावास मासळीच आली नाही तर काय? ही गोष्टही त्याच किनाऱ्यावर घडली. १९५२ साली नॉर्वे, भारत सरकार व संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन कोल्लमजवळ नींडकरा व शक्तिकुलंगरा येथे नॉर्वेच्या साहाय्याने मासेमारी सुधारण्याची योजना सुरू झाली. हेतू चांगला होता. दवाखाना आला, पाण्याची सोय आली, यांत्रिक नौका आल्या. पुढे कोळंबीस परदेशात सोन्याचा भाव मिळू लागला. तेव्हा ज्यांचा मासेमारीशी कधी संबंध नव्हता अशा भांडवलवाल्यांनी समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलर नौका घेतल्या. त्या किनाऱ्यालगत येऊन अंडी व पिलांसह सर्व ओढून नेत आणि गरिबांची जाळी तोडीत. ज्यांच्यासाठी योजना निघाली, तेच तिच्या फळास मुकले.

यातून संघर्ष पेटला. आपल्या शेजारच्या गोव्यात रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांनी, माथानी सालढाणा यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात संघटना केली, आणि १९७८ साली देशातील होडीवाल्या मच्छीमारांचे राष्ट्रीय व्यासपीठही त्यांच्याच नेतृत्वाखाली उभे राहिले. केरळात आरंभी लॅटिन कॅथलिक मच्छीमारांचीच संघटना होती. परंतु हिंदू व मुसलमान मच्छीमारांचे दुःख वेगळे नाही हे ओळखून १९८० साली सर्वधर्मीय स्वतंत्र संघटना झाली. फादर थॉमस कोचेरी यांचे नाव या कामी सर्वश्रुत आहे. १९८४ च्या चळवळीत धर्मगुरू व धर्मभगिनीही उपोषणास बसले. अखेर १९८८ साली केरळ सरकारने पावसाळ्यात, म्हणजे प्रजननाच्या काळात, ट्रॉलरची मासेमारी बंद ठेवली. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी योग्य ठरविली. आज पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र अशी बंदी रूढ आहे. तिच्या मागे उपाशी माणसांचा हा लढा आहे, हे आपल्यातील फार थोड्यांस ठाऊक असेल.

स्त्रियांविषयी न बोलता हा विषय पुरा होणार नाही. पुरुष मासळी आणतो. तिचा पैसा करते ती बाई. त्रिवेंद्रमकडील मासळीविक्या स्त्रिया डोक्यावर टोपली घेऊन मैलोगणती पायी जात. कारण वास येतो म्हणून त्यांस मोटारीत कोणी घेत नसे. १९८० च्या सुमारास त्यांनी संघटित होऊन मागणी केली आणि त्यांच्यासाठी खास बसगाड्या सुरू झाल्या. बसमधली एक बाक ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु तिच्यामुळे माल ताजा पोहोचला, भाव वाढला, आणि मुख्य म्हणजे, आपण मागितले आणि मिळाले, हा अनुभव त्या स्त्रियांस आला.

या लोकांस आपण साहाय्य करतो, असे म्हणताना थोडा संकोच वाटावा अशीही गोष्ट घडली आहे. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी ओखी वादळाने त्याच किनाऱ्यावरील शेकडो मच्छीमारांचे प्राण घेतले. घरोघरी सुतक होते. तोच २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला. कोणी हुकूम करण्याची वाट न पाहता या मच्छीमारांनी आपल्या होड्या मालमोटारींवर चढविल्या, दूरवर आत नेल्या आणि छपरांवर अडकलेल्या हजारो माणसांस वाचविले. त्यांत ज्यांनी त्यांस कधी उंबरठ्याच्या आत घेतले नव्हते असेही लोक असतील. म्हणजे ऋणाची वही उलटीही वाचता येते.

आता आपल्या घराकडे वळू. वसईच्या खाडीपासून अर्नाळा, सातपाटी, डहाणूपर्यंतचा हा किनारा मासेमारीच्या गावांनी भरलेला आहे. नायगाव, पाचूबंदर, किल्लाबंदर येथील ख्रिस्ती कोळी आणि इतर ठिकाणचे हिंदू कोळी यांचा समुद्र एकच आहे. ओळंबलेले बोंबील आपण सर्वच खातो. परंतु डोल जाळ्याची खुंटी समुद्रात ठोकण्यास काय श्रम लागतात हे शेतावर किंवा कचेरीत वाढलेल्या किती जणांनी पाहिले आहे? सातपाटीसारख्या गावी मच्छीमारांच्या सहकारी संस्था कित्येक दशके चालत आल्या आहेत, ही आपल्या भागास भूषणावह गोष्ट होय. तरीही खलाशी मिळत नाहीत, डिझेल परवडत नाही, मासळी दूर व खोल गेली, आणि किनारा इतर कामांनी वेढला जात आहे, ही तक्रार बंदराबंदरावर ऐकू येते. २०२३ साली पापलेटास आपल्या राज्याचा मासा म्हणून मान देण्यात आला. त्याचे कारणच हे की, तळहाताएवढी पिले पकडून आपण त्याचा वंश खुंटवीत आहोत.

मग आपल्या धर्मग्रामाने काय करावे? आम्ही मोठ्या योजना सांगत नाही. चार लहान गोष्टी सुचवितो.

पहिली, अभ्यासमंडळ. समुद्रावर जाणाऱ्या आठदहा घरांनी पावसाळ्याच्या बंदीत आठवड्यातून एक संध्याकाळ बसावे आणि गेल्या हंगामाचा हिशेब मांडावा : उचल किती घेतली, भाव काय मिळाला, बाजारात काय होता. आपल्यातील शिक्षक व बँकेत काम करणारे यांनी पाटीपेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावे; सल्ला देण्यासाठी नव्हे, बेरीज करण्यासाठी.

दुसरी, पतपेढी. आपल्या भागात पतपेढ्यांची परंपरा चांगली आहे. परंतु मच्छीमारास महिन्याच्या हप्त्याचे कर्ज सोसत नाही. मासळीबरोबर चढउतार करणारी फेड आपल्या पतपेढ्यांस स्वीकारता येईल काय, याचा विचार चालकांनी करावा.

तिसरी, बाजारातील बाईची जागा. आपल्या वस्त्या शहरे झाली. इमारती उठल्या, आणि जेथे पिढ्यान्‌पिढ्या टोपली मांडली जात होती तेथे आता मोटारी उभ्या राहतात. ओटा, छप्पर, पाणी आणि बर्फ एवढेच त्या बाईस हवे आहे. नगरपालिकेच्या अर्जावर सह्या करावयास तरी आपण सर्वांनी पुढे यावे, आणि आपल्या दाराशी बसणाऱ्या कोळणीशी पाचदहा रुपयांसाठी घासाघीस करणे आजपासून सोडावे.

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत कठीण : पुढारीपण त्यांचेच असू द्यावे. मरियानाड टिकले याचे कारण तेथील संस्था मच्छीमारांनी चालविली. धर्मगुरू बदलतात, कार्यकर्ते परत जातात. संस्था त्यांच्यावर उभी असेल तर तीही त्यांच्याबरोबर जाते. साहाय्य करणाराने आपला हात योग्य वेळी काढून घेणे हेही साहाय्यच होय. सभेत त्यांचे बोलणे आपणांस ओबडधोबड वाटेल, निर्णयास उशीर लागेल, कधी पैशाचा घोळ होईल. तरीही ते सोसावे. आजवर त्यांच्या वतीने इतरांनी पुष्कळ निर्णय घेतले. त्यांचा परिणाम आपण पाहतोच आहोत.

बंधुभगिनींनो, कॅन्सोच्या मच्छीमारांनी हीरकमहोत्सवाच्या दिवशी विचारलेला प्रश्न तोंडाने कोणी न विचारला तरी आज या मंडपातही उभा आहे. बंदरावरची काही मंडळी मागच्या रांगेत बसली आहेत आणि काही आज येऊही शकली नाहीत, कारण भरती त्यांच्यासाठी थांबत नाही. त्यांनी विचारले की, या पन्नास वर्षांत आमचे काय सुटले, तर आपण काय सांगणार? आज सांगण्यासारखे थोडे असेल. परंतु पुढील पावसाळ्यात एक अभ्यासमंडळ बसले, एका घराची उचल फिटली, एका बाईस बाजारात हक्काचा ओटा मिळाला, तर शिंग फुंकले गेले असे आम्ही समजू. महोत्सवाचे दिवे आज रात्री विझतील. हे काम उद्या सकाळी सुरू करता येण्याजोगे आहे.

परमेश्वर आपल्या धर्मग्रामाचे व समुद्रावर असलेल्या सर्वांचे रक्षण करो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.